रकान्याबाहेरची बेकारी

अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या पदवीदान समारंभाला पाहुण्या म्हणून आलेल्या बाईंनी अभिनंदन दोन वाक्यांत उरकलं. सुवर्णपदकवाल्यांचं कौतुक झालं, पालकांना नमस्कार झाला. मग सरकारी पाहण्यांचे फॉर्म भरण्यात हयात गेलेल्या माणसाच्या सवयीने त्यांनी समोरच्यांनाच प्रश्न टाकला. मंदीच्या वर्षात आपल्याकडे बेरोजगारीचा दर वाढतो की घटतो? ‘वाढतो’ असा एकसुरी आवाज आला. ‘मग रोजगाराचा अहवाल वाचलेला नाही तुम्ही,’ बाई म्हणाल्या आणि सभागृह जागं झालं.

२०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन, तेव्हाच्या पहिल्या अंदाजाप्रमाणे, २३.९ टक्क्यांनी आक्रसलं. शहरांतला बेरोजगारीचा दर २०.८ टक्क्यांवर गेला. पण जुलै २०२० ते जून २०२१ या वर्षाचा संपूर्ण देशाचा दर आला ४.२ टक्के. दोनच वर्षांपूर्वी तो ५.८ होता. आकडा खोटा नाही, हे बाईंनी दोनदा बजावलं. नियमाप्रमाणे मोजणी झाली होती. फक्त त्याच काळात शेतीत काम करणाऱ्यांचं प्रमाण ४२.५ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं होतं, आणि शेतं काही वाढली नव्हती. भिवंडीचा माग बंद पडला, पुण्याचं बांधकाम थांबलं, माणूस गावी जाऊन भावाच्या रानात खुरपायला बसला. फॉर्मच्या हिशेबी तो ‘घरच्या उद्योगातला मदतनीस’, म्हणजे रोजगारात. मजुरी शून्य.

इथून बाईंचं भाषण सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात शिरलं आणि बराच वेळ तिथून बाहेर आलं नाही.

साल १९८३. देशभर रोजगाराची पाहणी चालू होती आणि बाई नोकरीत नव्या होत्या. आदल्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. संप म्हणजे मंदी नव्हे, अशी शंका कुणी काढायच्या आत बाईंनी ती स्वतःच काढली. पण एका शहरातून एवढ्या माणसांचा पगार एकदम थांबला की काय होतं, हे पाहायला दुसरी जागा नव्हती. मंदीत ज्या गिरण्या चालवणं परवडत नव्हतं, त्यांच्या मालकांना संप सोयीचाच पडला, असंही त्यांनी जाता जाता सुनावलं. लाखाहून जास्त लोक परत कामावर गेलेच नाहीत. कोकणात आणि घाटावर गाड्या भरून माणसं आली.

पाटणच्या त्या गावात एक गिरणीवाला ओट्यावर बसलेला असायचा. पंधरा वर्षं बदली कामगार म्हणून गेटवर उभा राहिलेला, नंतर साच्यावर कायम झालेला. ‘काम काय करता?’ या प्रश्नावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं : ‘गिरणी सुरू झाली की जायाचंय, ताई. तवर ह्ये हायेच.’ ‘ह्ये’ म्हणजे पाऊण एकर जिराईत, जे त्याची आई आणि बायको आधीपासून करतच होत्या. बाईंनी त्याला बेकार लिहिलं. वरिष्ठांनी लाल पेन्सिलीने ते खोडून शेतकरी केलं. नियम वरिष्ठांच्याच बाजूने होता, हे सांगतानाही बाईंचा आवाज चढला होता. चाळीस वर्षांनंतर!

मुंबईत मागे राहिलेल्यांत कुठल्याच गिरणीच्या हजेरीपटावर नसलेले लोकही होते. लालबाग-परळच्या खानावळवाल्या बाया महिनाभर उधारीवर जेवू घालत आणि पगाराला हिशेब होई. पगारच नाही म्हटल्यावर वाण्याची उधारी यांच्या डोक्यावर बसली. त्यांची भांडी गहाण गेली, त्याची नोंद औद्योगिक कलहाच्या फायलीत कुठे असणार? शिवाय गिरणीवाल्याची मनीऑर्डर थांबली की गावच्या शिंप्याचं, दुकानदाराचं गिऱ्हाईकही थांबे.

मग पेशाचं गाऱ्हाणं निघालंच. पूर्वी कायम नोकरीतला माणूस घरोघर जायचा, त्याला बोलीतलं कळायचं. आता बरीच पोरं कंत्राटावर, अकरा-अकरा महिन्यांच्या भरतीची. बेरोजगारी मोजणाऱ्याचीच नोकरी पुढच्या वर्षी असेल की नाही ठाऊक नाही. मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकावर रखवालदार ‘सेल्समनला बंदी आहे’ म्हणून हाकलतो. आणि एवढं करून आलेला आकडा अडचणीचा असला तर तो कपाटात राहतो. २०१७-१८ चा रोजगार अहवाल रखडला, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल मे महिन्यात, निवडणुकीनंतर बाहेर आला. व्यासपीठावर जरा चुळबुळ झाली. बाई पाणी प्यायल्या आणि थेट ऑस्ट्रियात गेल्या.

व्हिएन्नाजवळच्या मारिएनथालमध्ये एकच मोठा कापडउद्योग होता. महामंदीत तो बंद पडला आणि ४७८ कुटुंबांच्या गावात बहुतेक कुटुंबं बेकार झाली. १९३१-३२ च्या हिवाळ्यात संशोधक मारी याहोडा आणि तिचे सहकारी तिथे गेले. ‘तुमच्याच वयाची होती ती,’ बाई म्हणाल्या. या मंडळींनी प्रश्नावलीवर भागवलं नाही. रस्त्यावर घड्याळ घेऊन उभे राहिले : पुरुष सावकाश चालत, वाटेत पुन्हापुन्हा थांबत, बाया फारशा थांबत नसत, त्यांना घरचं काम होतंच. वाचनालयाची फी रद्द केली होती, लोकांना वेळच वेळ होता, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. बेकार माणूस बंड करील ही तेव्हाची अटकळ होती. तिथे तो वर्तमानपत्रही वाचेनासा झाला होता.

पदवीधरांच्या वाट्याला आलेलं बोलणं थोडंच होतं. अमेरिकेत ऐंशीच्या दशकातल्या मंदीत पदवी घेतलेल्यांचे पगार पंधरा वर्षांनंतरही बरोबरीच्यांपेक्षा मागे राहिले, असं लिसा कान यांचा अभ्यास सांगतो. तेव्हा नोकरी उशिरा लागली तर तो तुमचा नाकर्तेपणा समजू नका, आणि घरच्यांनीही समजू नये, एवढं पालकांच्या रांगेकडे बघून त्यांनी सांगितलं.

बाकी सगळा भर एकाच गोष्टीवर. तुमच्यातले काही जण मंत्रालयात, बँकेत, वर्तमानपत्रात बसतील. मंदीच्या वर्षाचा अहवाल टेबलावर येईल आणि दर घटलेला दिसेल. ‘बेरोजगारी घटली’ असा मथळा टाइप करायच्या आत पुढचा तक्ता उघडा. बिनपगारी मदतनीस किती वाढले, कामात मोजलेल्या बायका किती वाढल्या, शेतीत किती गेले, ते बघा आणि त्याच मथळ्यात लिहा. संपादक किंवा साहेब ते खोडतील. तुम्ही पुन्हा लिहा.