हजेरीपटाबाहेरच्या बायका
(हसनाबाद येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एम.एस.डब्ल्यू. करून नोकरीला लागले, तेव्हा पहिल्या अहवालात मी लिहिलं होतं: ‘१२ शिबिरं, ६०० महिला लाभार्थी.’ पैसे देणारे खूश झाले. नंतर हजेरीपट चाळताना लक्षात आलं, त्याच त्याच बायका पुन्हा पुन्हा आल्या होत्या. सह्या-अंगठे सहाशे, बायका जेमतेम सत्तर! ऊसतोडीला गेलेल्या, मजुरी बुडवणं न परवडणाऱ्या, घरून न सोडलेल्या बायका कुठल्याच कागदावर नव्हत्या. आणि आलेल्यांच्या आयुष्यात काय बदललं, हे तर मी विचारलंच नव्हतं.

मग मोजायचं कसं? गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ते करून दाखवलं. दवाखान्यात आलेल्या बायकाच मोजून ते थांबले नाहीत. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरात हे दुखणं दिसलंच नसतं.

पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघरी देखभाल सुरू केली. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावं तुलनेला घेतली. १९९९ साली निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. खर्च बाळामागे ५.३ डॉलर, आणि दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. किती घरभेटी झाल्या, एवढ्यावर हा हिशेब थांबला नाही. किती जीव वाचले, इथपर्यंत तो गेला. २०११ पासून आशाताई देशभर अशा घरभेटी देतात.

आपल्याला मात्र बहुतेकदा एकच विचारतात, ‘वरखर्च किती टक्के?’ परदेशी देणग्यांच्या कायद्यानं २०२० साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. उधळपट्टीला आळा हवाच. पण वाटलेलं शिलाई मशीन कोपऱ्यात धूळ खात पडलं, तर वरखर्च शून्य असूनही पैसा वायाच. उलट, मारहाण सोसणाऱ्या बाईसोबत आपण दहादा कोर्टात जातो. ते एस.टी.चं तिकीट वरखर्च म्हणायचा का?

म्हणून प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारूया. कोण आलं नाही? आलेल्यांच्या जगण्यात काय बदललं? आपण नसतो तरी ते बदललं असतं का?

आणि अहवाल मुंबई-दिल्लीला पाठवण्याआधी तो गावातल्या बायकांसमोर मोठ्यानं वाचूया. ज्यांच्या नावावर आपण पैसे आणतो, त्यांना ‘ताई, हे खरं नाही’ असं म्हणता आलं पाहिजे. आणि तसं त्या म्हणाल्या, तर आपल्याला अहवाल बदलता आला पाहिजे.