धावणाऱ्याची कॉशन ऑर्डर
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



बाप्पाला वंदन करून दोन शब्द बोलतो. मी डिप्लोमा झालेला इंजिनियर, वक्ता नव्हे. रुळांची देखभाल ही माझी नोकरी आणि सकाळी सात-आठ किलोमीटर धावणे हा छंद. भुसावळहून बदली होऊन दिल्लीला आलो तेव्हा सामानात गणपतीचे मखर आणि धावण्याचे बूट दोन्ही होते. या शहरात बाराही महिने कसे धावावे, यावर बोला असे कार्यकारिणीने सुचविले.

नोकरीतलेच उदाहरण घेतो. रूळ तापला की लांबतो. एक किलोमीटर मोकळा रूळ एका अंशाला सुमारे ११.५ मिलिमीटर वाढतो. वेल्डिंगने जोडलेल्या लांब रुळाला वाढायला जागाच नसते, म्हणून ताण आत साठतो. उन्हाळ्यात रूळ वाकला का आणि थंडीत वेल्ड तुटला का, हे पाहायला आम्ही गस्त घालतो. तसेच खडी चाळून पुन्हा भरली की पहिल्याच दिवशी गाडी पूर्ण वेगाने सोडत नाहीत. कॉशन ऑर्डर देऊन आधी हळू, मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवतात, कारण खडी बसायला वेळ लागतो. माझे सांगणे एवढेच की नव्या गावात, प्रत्येक नव्या ऋतूत, शरीरालाही अशीच कॉशन ऑर्डर लागते.

भुसावळचे ऊन खाल्लेल्या माणसाला दिल्लीच्या उन्हाचे काय, असे कोणी म्हणेल. पण इथे मध्ये कडक हिवाळा येतो आणि उन्हाची सवय मोडते. ती दरवर्षी नव्याने लावावी लागते, त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून एप्रिलमध्ये अंतर निम्मे करावे, घड्याळ घरी ठेवावे. बहावा पिवळा झाला की पहाटे पाचला निघून साडेसहाच्या आत घरी यावे.

जून संपता संपता पाऊस येतो. रस्त्याकडेच्या जांभळांचा सडा पडतो, पाय घसरतो. पारा उतरतो आणि आपण निश्चिंत होतो. खरा धोका इथेच आहे. शरीर थंड होते ते घाम वाळल्याने. दमट हवेत घाम नुसता गळतो, वाळत नाही, आणि आतली उष्णता आतच राहते. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीत दहाहून अधिक तरुण दगावले. कारणांबद्दल मतभेद झाले, पण त्यानंतर चाचणी काही दिवस थांबवावी लागली. आपल्या कॉलनीतली मुलेही ग्रुप डी भरतीसाठी १००० मीटर ४ मिनिटे १५ सेकंदांत धावण्याचा सराव करतात. आई-वडिलांनो, त्यांना भर दुपारी मैदानावर पाठवू नका. धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो दमला आहे असे समजून बसू नका. सावलीत निजवा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

ऑक्टोबरात सातवीण फुलते, पहाटे तिचा उग्र वास येतो. हे दिवस छान, पण थोडे. दिवाळीच्या सुमारास धुरके येते. वारा पडतो, जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही आणि धूर खालीच कोंडतो. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो, धावणारा त्याच्या कितीतरी पट. २०१७ साली १९ नोव्हेंबरची दिल्ली अर्धमॅरेथॉन पुढे ढकलावी म्हणून डॉक्टरांची संघटना उच्च न्यायालयात गेली होती. २०२२ पासून ही शर्यत ऑक्टोबरात भरते. माझा नियम असा, की हवेचा निर्देशांक ३०० च्या वर गेला की धावणे बंद, घरात सूर्यनमस्कार. थोडी बरी हवा असेल तर पहाटेऐवजी दुपारी निघावे, ऊन पडल्यावर धूर जरा वर जातो. म्हणजे उन्हाळ्याचे वेळापत्रक हिवाळ्यात उलटे करायचे!

जानेवारीत धुके. गाडीवाल्याला सिग्नल दिसत नाही, तेव्हा त्याला सावध करायला रुळावर फटाके लावतात. आपल्यासाठी असे कोणी लावत नाही. तेव्हा रस्ता सोडून बागेतच धावावे, अंगात चमकत्या पट्ट्यांचे जाकीट असावे. मग फेब्रुवारीत सावर लाल होते आणि वाटते, याचसाठी वर्ष काढले.

आमचा एक कीमन मला हसून म्हणाला होता, साहेब, आम्ही पगार घेऊन चालतो, तुम्ही फुकट पळता. खरे आहे. पण रोज तोच मार्ग पायी तुडवल्यामुळे कुठला बोल्ट सैल आहे, हे त्याला न पाहता कळते. शहराचेही तसेच आहे. आपण बदलीची माणसे. क्वार्टरची किल्ली मिळाली म्हणून गाव आपले होत नाही. कुठल्या वळणावर माकडे बसतात, कुठला चहावाला पाचला उघडतो, कुठल्या महिन्यात कुठले झाड फुलते, हे पायांना कळले की मग ते गाव थोडे थोडे आपले होऊ लागते. त्याला निदान एक पूर्ण वर्ष द्यावे लागते.

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी सहाला कॉलनीच्या फाटकापाशी मी उभा असेन. पुरुषांनी यावे, भगिनींनी यावे, नव्याने बदलून आलेल्यांनी तर जरूर यावे. ज्यांना मधुमेह, रक्तदाब वा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पहिले पंधरा दिवस कोणी धावायचे नाही, फक्त चालायचे. ही कॉशन ऑर्डर सर्वांना सारखी, अगदी आपल्या अध्यक्षांनाही!

 गणपती बाप्पा मोरया!