पणजोबांची रायफल : अस्सल की नक्कल?
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



माझी सारी नोकरी पलटणीच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, रायफली दुरुस्त करण्यात गेली. व्याख्यानाचा सराव नाही. तरी कार्यकारी मंडळाच्या आग्रहास्तव एक हकीकत निवेदन करतो.

आपल्यातील एका घराण्याचे चिरंजीव अमेरिकेत असतात. त्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात लढले. तिकडील एका विक्रेत्याने .३०३ ली-एन्फील्ड रायफल दाखवून ती त्याच आघाडीवरची असल्याचे सांगितले, आणि किंमतही तशीच भारी मागितली. चिरंजीवांनी छायाचित्रे पाठवून विचारले, “काका, घेऊ का?”

अशा वेळी प्रथम दस्त्यालगतच्या पोलादी भागाची उजवी बाजू पाहावी. राजमुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि नमुना असा ठसा तेथे असतो. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याचा ठसाही तेथेच. या रायफलीवर मुकुटाखाली ‘व्ही. आर.’, म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि साल मात्र १९१५! राणी तर १९०१ च्या जानेवारीतच निवर्तली, आणि हा आखूड तिसरा नमुना मुळी १९०७ चा. शिवाय ‘एन्फील्ड’मधील इंग्रजी ‘एन’ उलटा कोरलेला. बोल्टवरील व नळीवरील क्रमांक तेवढे जुळत होते. केवळ क्रमांक पाहणारा हमखास फसला असता.

पेशावरच्या दक्षिणेस दर्रा आदमखेल येथील कारागीर कानशीने घासून हुबेहूब रायफली घडवीत आले आहेत. इंग्रजी न जाणणारा हात ठशातील अक्षरे चित्रासारखी उतरवतो. त्या हाताला माझा नमस्कार आहे. पण पोलादाचा भरवसा नाही. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी अशा नकला बाजारातून घेऊन मायदेशी नेल्या.

मी कळविले, “कारागिरीचा नमुना म्हणून, बेताच्या किमतीत, घ्यावयाची तर घे, परंतु तीत काडतूस कदापि घालू नकोस. पणजोबांची म्हणून तर नकोच.” रायफल सरकारची, शिपायाने ती कोतात परत करावयाची असे. अस्सल शस्त्रावरसुद्धा ते वाहणाऱ्या शिपायाचे नाव सहसा नसते. विक्रेता लोखंडाबरोबर गोष्टही विकतो.

अस्सल वस्तूचे मोल आपण घरातच घालवितो, हेही सांगावयास हवे. पॉलिश कागदाने घासून तलवारी-बंदुका लखलखीत केल्या की ठसे बुजतात आणि जुना रंग जातो. आपल्याकडे एखाद्या घरी जुनी बंदूक निघाल्यास आधी परवाना पाहावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यापुढे वारशाची सबब चालत नाही.

चिरंजीव हिरमुसले. तेव्हा मी त्यांच्या मातोश्रींना देवघरातील डबा उघडावयास सांगितले. पणजोबांचे चांदीचे युद्धपदक त्यात होते. त्याची कड भिंगाखाली धरली. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, सर्व तेथे कोरलेले होते. इतकी वर्षे ते कोणी वाचलेच नव्हते.