युद्धाची कथा आणि कामगारवर्ग : ऑगस्ट १९१४



साम्राज्यवादी युद्धाला जनतेचा पाठिंबा कसा मिळतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘प्रचार’ या एका शब्दात दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. सत्ताधाऱ्यांचे प्रत्येक असत्य कामगार निमूटपणे गिळतो, असे मानणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान होय. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत जे घडले ते या दृष्टीने पुन्हा तपासले पाहिजे. कारण तेथील कामगारवर्ग अडाणीही नव्हता आणि असंघटितही नव्हता.

जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे तेव्हा सुमारे दहा लाख सभासद होते, राइशस्टागमध्ये ११० प्रतिनिधी होते, नव्वदच्या आसपास वृत्तपत्रे होती. कामगारांची स्वतःची गायनमंडळे, वाचनालये, क्रीडासंघ होते. २५ जुलै रोजी या पक्षाने युद्धविरोधी जाहीरनामा काढला आणि पाठोपाठ शहराशहरांत प्रचंड निदर्शने झाली. ४ ऑगस्टला त्याच पक्षाने युद्धकर्जाला एकमुखाने संमती दिली! आदल्या दिवशीच्या अंतर्गत बैठकीत विरोधात उभे राहिले ते अवघे १४ जण.

दहा दिवसांत कामगार कैसरचे भक्त झाले होते काय? मुळीच नाही. सिंहासनाची आणि राजनिष्ठेची कथा कामगारवस्तीत कधीच खपली नव्हती. खपली ती त्यांच्याच घरातली कथा. झारशाही हा युरोपातील प्रतिगामित्वाचा आधारस्तंभ आहे, ही १८४८ पासूनची क्रांतिकारक शिकवण होती. झारशाहीविरुद्ध वेळ आली तर आपणही खांद्यावर बंदूक घेऊ, असे खुद्द बेबेल बोलून गेले होते. चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांनी हे नेमके हेरले. रशियाच्या सैन्याची जमवाजमव आधी जाहीर व्हावी आणि जर्मनीने केवळ स्वसंरक्षणार्थ शस्त्र उचलले असे दिसावे, याची त्यांनी काळजी घेतली. जुनी कथा तीच राहिली, फक्त तिला लष्करी गणवेश चढला.

या कथेतून काय वगळले गेले? त्याच जुलैमध्ये पीटर्सबर्गचे कामगार सार्वत्रिक संपात उतरले होते, रस्त्यांवर मोर्चेबंदी उभारून झारच्या पोलिसांशी झुंजत होते. झारशाहीचा खरा शत्रू तेथे होता. युद्धज्वराने त्या लढ्यालाच तडाखा दिला. आणि ज्या दिवशी बर्लिनमध्ये ‘रशियन हुकूमशाही’विरुद्ध मतदान झाले, त्याच दिवशी जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या.

इतर देशांनीही आपापल्या घरातलीच कथा काढली. फ्रान्समध्ये १७९२ च्या क्रांतिसैनिकांची आठवण जागविण्यात आली. ब्रिटनमध्ये दुबळ्या बेल्जियमच्या रक्षणाची हाक घुमली. सप्टेंबर १९१४ मध्ये मंत्री मास्टरमन यांनी हार्डी, वेल्स, कॉनन डॉयल आदी लेखकांना गुप्तपणे एकत्र बोलावले. आयर्लंड व हिंदुस्थान टाचेखाली ठेवणारे सरकार छोट्या राष्ट्रांचे कैवारी म्हणून मिरवू लागले, याबद्दल त्यांतील किती जणांना संकोच वाटला असेल कोण जाणे. वसाहतींनाही हाच न्याय लागू झाला. मराठा पलटणी मेसोपोटेमियात झिजल्या, आणि युद्धानंतर, नोव्हेंबर १९२१ मध्ये, पुण्यात शिवस्मारकाची कोनशिला बसविली ती प्रिन्स ऑफ वेल्सने! परकीय सत्तेला आव्हान देणाऱ्या स्मृतीवरही साम्राज्याने हक्क सांगितला. अर्थात तो सर्वांनी मान्य केला नाही. त्याच युवराजाने १७ नोव्हेंबरला मुंबईत पाऊल ठेवले तेव्हा शहराने हरताळ पाळला होता.

जर्मनीत या कथेचा वेध घेण्याचे काम रोझा लक्झेंबुर्ग यांनी केले, तेही १९१५ मध्ये, तुरुंगात. ‘युनिउस’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत त्यांनी झारशाहीविरोधाची परंपरा टाकून दिली नाही. झारला हरविण्याचे काम रशियन कामगारवर्गाचे आहे, कैसरच्या तोफांचे नव्हे, हे दाखवून ती परंपरा त्यांनी सेनापतींच्या हातून परत मागितली. कार्ल लीब्क्नेख्ट यांनी ४ ऑगस्टला पक्षशिस्त पाळून कर्जाला मत दिले होते. २ डिसेंबरला सभागृहात विरोधी मत देणारे ते एकटेच होते. १ मे १९१६ रोजी बर्लिनच्या पॉट्सडॅमर चौकात त्यांनी युद्ध आणि सरकार या दोहोंविरुद्ध घोषणा दिली आणि त्यांना अटक झाली. जूनअखेर खटला सुरू झाला तेव्हा बर्लिनच्या दारूगोळा कारखान्यांतील सुमारे ५५ हजार कामगार काम टाकून बाहेर पडले.