दहशत आणि बड्या राष्ट्रांचे धोरण



परराष्ट्रधोरण हा विद्वानांचा विषय. माझे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा तो मी कामगाराच्या हिशेबानेच मांडणार.

संपात कोणी एक इसम दगड फेकतो. दगड एकाचा, टाळेबंदी सर्वांना! पुष्कळदा ती मालकाने आधीच योजलेली असते. दगड निमित्त होतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत सुमारे तीन हजार माणसे मारली गेली. संताप रास्त होता. हल्लेखोरांच्या म्होरक्यांना अफगाणिस्तानात आश्रय होता. तेथे चाल झाली, तिचे कारण समजते. पण २००३ मध्ये सैन्य इराकमध्ये शिरले. त्या हल्ल्यात इराकचा हात सिद्ध झाला नाही, आणि ज्या संहारक अस्त्रांचा गाजावाजा झाला, तीही सापडली नाहीत.

आता मुंबईकडे पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. त्यांत सहा अमेरिकन होते, आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहणारे साधे उतारू होते. हल्ल्यापूर्वी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकन नागरिक. त्याने गुन्हा कबूल केला. त्या बदल्यात भारताच्या हवाली न करण्याची हमी मिळवली. हल्लेखोर पाकिस्तानातून आले. त्याच पाकिस्तानला पाच वर्षे दरसाल दीड अब्ज डॉलर मदतीचा कायदा अमेरिकेने २००९ मध्ये केला. का? तिच्या अफगाणिस्तानातील फौजेची रसद कराची बंदरातून जात होती.

म्हणजे दहशत धोरणाला धक्का देते. दिशा देतो तो हितसंबंध.

मग आपण काय करावे? पुरावा जपावा. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी, हाती केवळ लाठी असताना, कसाबची बंदूक धरून ठेवली. गोळ्या झेलून ते गेले, पण कसाब जिवंत सापडला. आधी कानांवर हात ठेवणाऱ्या पाकिस्तानला तो आपला नागरिक असल्याचे जानेवारी २००९ मध्ये कबूल करावे लागले. त्याला वकील देऊन, सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालवून, मगच २०१२ मध्ये फाशी झाली. हेडलीचा साथीदार असल्याचा आरोप असलेला तहव्वूर राणा २०२५ मध्ये भारताच्या हाती आला, तोही कागद तयार होते म्हणून.

मागणीपत्र हाती नसताना वाटाघाटीस बसू नये, हे कामगार जाणतो. आणि दगड एकाचा असताना टाळेबंदी साऱ्या जमातीवर लादू नये, हे आपण गावात पाळले, तरच ते जगाला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे.