केरळची जमीन : कुळाला शेत, मजुराला अंगण

सरकारने जमीन काढून घेतली, असे ऐकताच पहिला प्रश्न विचारावयास हवा : कोणाची घेतली, आणि कोणाला दिली? केरळमधील जमीनसुधारणेचा सारा संघर्ष या प्रश्नाभोवती झाला.

5 एप्रिल 1957 रोजी कॉ. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. आठवडाभरातच वटहुकूम काढून कुळांना बेदखल करण्यास मनाई करण्यात आली. जून 1959 मध्ये शेतीसंबंधविषयक विधेयक संमत झाले. 31 जुलै रोजी केंद्राने मंत्रिमंडळच बडतर्फ केले. नंतर जो कायदा झाला, तो सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये कासरगोड भागातील रयतवारी जमिनींपुरता रद्द ठरविला. चहा, कॉफी व रबराच्या मळ्यांना सूट, पण मिरी-सुपारीच्या बागांना नाही, हा भेदभाव त्या निर्णयाचे एक कारण होता.

अखेर 1969 च्या दुरुस्तीने 1 जानेवारी 1970 पासून कुळांच्या ताब्यातील जमिनींवरील जमीनदारी हक्क संपुष्टात आले. दोन ते पाच माणसांच्या कुटुंबास 10 प्रमाणित एकरांची कमाल मर्यादा लागू झाली. कासरगोडजवळील एडनीर मठाचे अधिपती केशवानंद भारती यांनी या कायद्याला आव्हान दिले. 24 एप्रिल 1973 रोजी 13 न्यायाधीशांनी निकाल दिला. राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत त्यातून जन्मला. जमीनसुधारणेचा कायदा मात्र टिकला.

कॉम्रेड्स, हा विजय मोठा होता. म्हणूनच त्याची मर्यादा स्पष्टपणे पाहिली पाहिजे. जमीन मिळाली ती कुळाला. त्याच्या शेतात चिखल तुडविणारा मजूर बहुतांशी दलित होता, आणि कायद्याच्या व्याख्येत तो कूळ नव्हता. दुसऱ्याच्या जागेत झोपडी घालून राहणाऱ्याला खेड्यात 10 सेंट, म्हणजे महाराष्ट्रातील हिशेबाने 4 गुंठे जमिनीचा हक्क मिळाला; नगरपालिका हद्दीत 5 सेंट, महानगरात 3. उद्या हाकलले जाण्याची भीती संपली, मालकापुढे मान ताठ करून मजुरी मागता आली, हे थोडे नव्हे. परंतु अंगण मिळाले, शेत मिळाले नाही.

मळेही कमाल मर्यादेबाहेरच राहिले. त्यांचे तुकडे केल्यास उत्पादन घटेल व कामगारांचा रोजगार जाईल, हा युक्तिवाद पोकळ नव्हता. तथापि वाटपास योग्य असा फार मोठा भूभाग त्यामुळे हाताबाहेर राहिला. 2007 मध्ये पत्तनंतिट्टा जिल्ह्यातील चेंगरा येथे भूमिहीन दलित-आदिवासी कुटुंबे रबराच्या मळ्यात शिरली व तेथेच राहू लागली, ती याच उरलेल्या प्रश्नाचे उत्तर मागण्यासाठी.

"कसेल त्याची जमीन" ही घोषणा सोपी आहे. कसणारा कोण, हे कायद्याची व्याख्या ठरविते. आणि व्याख्येत कोणाला स्थान मिळावे, हे संघटित शक्ती ठरविते. म्हणून कोणताही जमीनविषयक कायदा हाती आला, की मर्यादेचे आकडे पाहण्यापूर्वी त्यातील व्याख्या आणि सवलतींची कलमे वाचावीत. शेतमजूर कोठे वगळला गेला, ते तेथेच सापडते.