बाईच्या फेऱ्या मोजा



आपण पैशाचा हिशेब ठेवतो. दुधाचा ठेवतो. पण घरातले माणूस दिवसभरात किती वाट तुडवते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. आज तो करू.

आधी गड्याचा प्रवास बघा. सकाळी तो मोटारसायकलवर दूध घालून येतो. मग शेतावर जातो. बैल घ्यायचा असला तर काष्टीच्या नाही तर घोडेगावच्या बाजाराला जातो. वाट लांबची, पण सरळ. गेला, काम केले, परत आला.

आता बाईचा प्रवास बघा. पोराला अंगणवाडीत सोडायचे. पाणी आणायचे. रानात खुरपायला जायचे. येताना गवताचा भारा आणायचा. सांजेला दळण. मध्येच रेशन, मध्येच सासूबाईंचे औषध. वाटेचे तुकडे फार, आणि बहुतेक वाट पायी.

मोजून बघा. समजा, गिरणी अर्धा किलोमीटर आहे. जाऊन-येऊन १ झाला. पाण्याच्या चार खेपा, त्यांचे २. रान २ किलोमीटरवर, जाऊन-येऊन ४. सगळे मिळून ७ किलोमीटर झाले. त्यातली निम्मी वाट ओझे घेऊन! याला आपण प्रवास म्हणतच नाही. म्हणतो, "बाई घरीच असती."

घरात मोटारसायकल असली तरी ती गड्याची. बाई मागे बसते. अंगात ताप भरला तरी म्हणते, "त्यांना येऊ द्या, मग जाऊ." तिची निकड गड्याच्या सवडीवर थांबते.

बाईला आधार एसटीचा. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती पुणे-अहमदनगर या आपल्याच वाटेवर. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीने जाताना बाईला अर्धे तिकीट आहे. पुरुषाला ६० रुपये पडले, तर बाईला ३०. जामखेड तालुक्यात चौंडी गाव आहे. तिथे १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. २०२४ साली आपल्या जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. त्यांच्याच नावाच्या योजनेतून खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. तो पाचवी ते बारावीच्या मुलींना आहे.

पण सवलत गाडीत चढल्यावर मिळते. समजा, शाळा पाचला सुटते आणि गाडी चारलाच निघून जाते. मुलगा कुणाच्याही गाडीला हात करून घरी येतो. मुलीला आई तसे करू देत नाही. आईची काळजी खोटी नाही. मग चार महिन्यांनी घरात बोलणे होते, "बास झाली आता शाळा." मुलगी हुशार असते. पास दप्तरात असतो. गाडीची वेळ जुळत नाही, एवढ्यावरून शाळा सुटते.

मग काय करावे? तीन गोष्टी कराव्या.

पहिली गोष्ट. दळणाचा डबा मोटारसायकलवर न्या. गड्यांनो, त्याने मिशीला पीठ लागत नाही! बाईची एक फेरी वाचते.

दुसरी गोष्ट. मुलीला सायकल शिकवा. अठरा वर्षांची झाली की परवाना काढून मोटारसायकल शिकवा. सुनेलाही शिकवा. अडीनडीला घरात दोन माणसे गाडी चालवणारी हवीत.

तिसरी गोष्ट. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, असा कायदा आहे. त्या सभेला जा. गाडी किती वाजता हवी, थांबा कुठे हवा, मुक्कामी गाडी हवी का, ते बोला. ठराव लिहून घ्या. तो आपल्या एसटी आगारात द्या. पारनेर, पाथर्डी, शेवगाव, जामखेड, अकोले, संगमनेर येथे आगार आहेत. अर्ज दिला की पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले विसरले जाते. लिहिलेले राहते.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आज रात्री एक कागद घ्या. मधोमध रेघ ओढा. एका बाजूला घरच्या बाईच्या फेऱ्या लिहा, दुसऱ्या बाजूला गड्याच्या. नवरा-बायकोने मिळून लिहा. आणि तो कागद घेऊन सभेला या.